चष्म्याची दोन कामं

(वाशीतील एका सार्वजनिक वाचनालयाच्या स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला दरवर्षी होते, त्यांची सगळी हयात शाळेत गेली. त्यांच्या नावानं काही बोलायचं तर ते लोकांच्या कामी यावं, असं मला वाटलं. म्हणून आजचा विषय मी माझ्या रोजच्या कामातून घेतला आहे. मी तिरळेपणावर उपचार करणारी नेत्रतज्ज्ञ आहे. विशी-तिशीतल्या रुग्णांचा एक प्रश्न हल्ली ठरलेला असतो : “डॉक्टर, लेसरनं माझा नंबर जाईल का?” विचारणाऱ्याचा डोळा तिरळा असेल, लहानपणी तिरळा असेल, किंवा दमल्यावर बाहेर सरकत असेल, तर या प्रश्नाचं उत्तर नुसती कॉर्नियाची जाडी मोजून देता येत नाही.

अशा माणसाच्या नाकावरचा चष्मा बहुधा दोन कामं करत असतो. स्पष्ट दाखवण्याचं काम सगळ्यांना माहीत आहे. दुसरं काम दोन्ही डोळ्यांना एकाच जागी धरून ठेवण्याचं. ते पुष्कळदा रुग्णालाही माहीत नसतं आणि चष्मा करून देणाऱ्यालाही. लेसर पहिलं काम स्वतःकडे घेतो. दुसरं घेईलच असं नाही. आजचं माझं सगळं बोलणं या एका गोष्टीभोवती आहे.

आपल्या शहरात हा प्रश्न एवढा का विचारला जातो ते तुम्ही जाणता. ऐरोली, घणसोली, महापे इथल्या कार्यालयांत दिवसभर पडद्यासमोर बसणारी मुलं, नेरुळच्या करावे गावाजवळच्या ‘टी. एस. चाणक्य’मधून बोटीवर जायचं स्वप्न पाहणारी मुलं, उरण-पनवेलच्या गावांतून पहाटे भरतीसाठी धावणारी मुलं, या सगळ्यांना चष्मा कुठं ना कुठं आडवा येतो. पूर्वी डोळ्याच्या मोठ्या कामाला मुंबई गाठावी लागे. आता पनवेलमध्ये डॉ. सुहास हळदीपूरकर यांनी उभं केलेलं लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट आहे, इतरही मोठी रुग्णालयं आहेत, आणि लेसरचं यंत्र लोकल गाडीनं जाण्याच्या अंतरावर आलं आहे. ही चांगली गोष्ट आहे. चष्मा नको वाटणं म्हणजे नखरा, असं मी मानत नाही. पावसाळ्यात दुचाकीवर काचा धूसर होतात, पोहताना पलीकडचा काठ दिसत नाही, ऑपरेशन थिएटरमध्ये मास्क लावला की वाफ धरते. हे त्रास खरे आहेत आणि त्यांतून सुटका मागणं रास्त आहे.

आता लेसर नेमकं काय करतो ते पाहू, कारण सगळा घोळ तिथं सुरू होतो.

मद्रासला १९२९ साली जन्मलेले रंगास्वामी श्रीनिवासन हे रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेत आयबीएमच्या यॉर्कटाउन हाइट्स इथल्या प्रयोगशाळेत काम करत होते. त्यांच्याकडे एक्सायमर नावाचा लेसर होता. त्याचा किरण १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे दूरच्या अतिनील पट्ट्यातला. प्लॅस्टिकवर तो अतिशय रेखीव खाचा पाडतो हे त्यांनी पाहिलं होतं. जिवंत पेशींपासून बनलेल्या वस्तूवर तो काय करेल? नोव्हेंबर १९८१ मध्ये थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणातून उरलेला टर्कीचा तुकडा ते प्रयोगशाळेत घेऊन गेले. जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम हे सहकारी सोबत होते. किरण पडला तिथं मांस स्वच्छ कापलं गेलं आणि कडा करपल्या नाहीत. या किरणाच्या एका कणात इतकी ऊर्जा असते की प्रथिनांचे बंध थेट तुटतात. तुटलेला भाग उडून जातो आणि शेजारच्या भागाला उष्णता पोचायला अवधीच उरत नाही. पुढे माणसाच्या एका केसावर त्यांनी पाडलेल्या चौकोनी खाचांचं छायाचित्र जगभर गाजलं. १९८३ मध्ये न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्याबरोबर कॉर्नियावरच्या प्रयोगांचा निबंध प्रसिद्ध केला आणि डोळ्याच्या शस्त्रक्रियेत एक नवं दार उघडलं. सध्या फार बोलबाला असलेली ‘स्माईल’ ही लेसरची पद्धत आकाराला आली त्यात आपल्या शेजारच्या वडोदऱ्याच्या डॉ. रुपल शाह यांचं काम आहे. मला या दोन्ही गोष्टींचा अभिमान वाटतो. म्हणूनच या तंत्राकडून जे होत नाही त्याचा दोष त्याच्या माथी येऊ नये, असंही वाटतं.

लेसर कॉर्नियाचा आकार बदलतो. बस, एवढंच करतो. कॉर्निया म्हणजे बुबुळावरचं पारदर्शक पटल, मधोमध साधारण ५२० ते ५४० मायक्रॉन जाडीचं. म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. मायनसचा एक नंबर घालवायला सहा मिलिमीटरच्या वर्तुळात साधारण १२ ते १५ मायक्रॉन जाडी खर्ची पडते. लॅसिक या लेसरच्या पद्धतीत वर उचलायचा पातळ पापुद्रा शंभर-एकशेवीस मायक्रॉनचा असतो, आणि त्याखाली किमान २५० मायक्रॉन शिल्लक राहिले पाहिजेत. मायनस सहा नंबर असलेल्या, चांगल्या जाडीच्या डोळ्याला हा हिशेब सहज जमतो. पातळ कॉर्नियाला जमत नाही. सर्वांत आधी तपासलं जातं ते हेच, आणि बहुतेक केंद्रांत ते फार काटेकोरपणे तपासलं जातं. रंगीत नकाशे निघतात, पानंच्या पानं छापली जातात. पण त्या नकाशांत एकाही स्नायूचं चित्र नसतं.

डोळा हलवतात ते स्नायू. प्रत्येक डोळ्याला सहा. ते चालवायला मेंदूतून निघणाऱ्या तीन नसा. दोन डोळ्यांचे मिळून बारा स्नायू सतत, झोपेचा वेळ सोडला तर दिवसभर, दोन्ही नजरा एका बिंदूवर ठेवतात. एका जुवाखालची बैलजोडी नांगराची सरळ रेघ धरते, तसं हे काम आहे. एकानं थोडी ओढ घेतली की दुसऱ्याला तोलून धरावं लागतं. ज्याला हा तोल सांभाळणं जमत नाही त्याचा डोळा आत, बाहेर, वर किंवा खाली जातो. बर्लिनच्या डिफेनबाख यांनी १८३९ मध्ये सात वर्षांच्या एका मुलाचा आतला स्नायू कापून तिरळेपणावरची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. म्हणजे हा इलाज लेसरपेक्षा जवळपास दीडशे वर्षं जुना आहे. लेसर या बारा स्नायूंपैकी एकालाही स्पर्श करत नाही.

मग लेसरनं तिरळेपणा बदलतो असं जे ऐकू येतं ते खोटं का? खोटं नाही. काही रुग्णांत तो खरोखर बदलतो, कधी चांगल्या दिशेनं, कधी वाईट. त्याचं कारण हॉलंडमधल्या उट्रेख्टच्या फ्रान्सिस्कस डोंडर्स यांनी १८६४ सालच्या ग्रंथात मांडलं. जवळचं पाहताना डोळ्यातलं भिंग जोर लावून फुगतं, आणि हा जोर लागला की दोन्ही डोळे आपोआप आत वळतात. दोन्ही हुकूम एकाच गाठीत बांधलेले असतात. आता ज्याला प्लसचा नंबर आहे त्याला दूरचं पाहतानाही हा जोर लावावा लागतो. प्लस चार नंबर असेल आणि एका नंबरामागे साधारण चार प्रिझम (डोळा किती वळला ते आम्ही या एककात मोजतो) इतके डोळे आत वळत असतील, तर दूर पाहताना विनाकारण सोळा प्रिझमची आत ओढ बसते. दोन-तीन वर्षांच्या मुलाचा डोळा एकाएकी आत जाऊ लागतो तो बहुतेक वेळा असा. घरचे म्हणतात पडल्यामुळं झालं, तापामुळं झालं, दृष्ट लागली. प्लसचा पूर्ण नंबर चष्म्यात दिला की डोळा सरळ होतो. चष्मा काढला की पुन्हा आत.

हे मूल पंचवीस वर्षांचं होतं. समजा ती घणसोलीत नोकरी करणारी मुलगी आहे. चष्मा लावला की कुणालाही कळत नाही. काढला की आरशात स्वतःलाच नको वाटतं. तिला चष्मा घालवायचा आहे याचं कारण दृष्टीपेक्षा जास्त हे आहे : चष्मा काढलेल्या चेहऱ्यावरही डोळे सरळ हवेत. लेसरनं तिचा प्लसचा सगळा नंबर गेला तर जोर लागणार नाही, डोळा आत जाणार नाही. म्हणजे तिच्या बाबतीत लेसर चष्म्याची दोन्ही कामं करू शकतो. पण ‘सगळा’ या शब्दावर सारं अवलंबून आहे. प्लसच्या नंबराचा एक भाग डोळा दडवून ठेवतो. नेहमीच्या तपासणीत प्लस तीन येतो, आणि भिंगाला ढिलं करणारे थेंब घालून तपासलं की साडेचार. लेसर तीनवर केला तर दीड नंबराचा जोर उरला आणि डोळा आत जायला वाट मिळाली. शिवाय प्लसच्या नंबरात लेसरचा परिणाम मायनसइतका टिकाऊ नसतो, काही भाग कालांतरानं परत येतो, आणि मोठा प्लस मुळात लेसरच्या आवाक्यात नसतो. त्यातही काही जणांचा डोळा चष्म्यासकट थोडा आत राहतोच. तो उरलेला भाग स्नायूंचा आहे आणि तिथं लेसर कितीही अचूक असला तरी काही करणार नाही.

मायनसच्या नंबरात गोष्ट वेगळी आहे आणि आपल्याकडे हे रुग्ण पुष्कळ. यांचा डोळा बहुधा बाहेर जातो, तोही अधूनमधून : दमल्यावर, तंद्री लागल्यावर, आजारपणात. कडक उन्हात फोटो काढताना एक डोळा मिटणारं मूल घरात असेल तर त्याला एकदा दाखवून आणा. बाहेर सरकणाऱ्या डोळ्याची ती फार ओळखीची खूण आहे. अशा मुलांना कधी कधी मुद्दाम गरजेपेक्षा अर्धा-एक नंबर जास्त मायनस दिला जातो. त्यामुळं भिंगाला थोडा जोर लागतो, जोराबरोबर डोळे आत येतात आणि बाहेरची ओढ काबूत राहते. वर्षं जातात, डॉक्टर बदलतात, आणि तो जादा नंबर का दिला होता हे कुणाच्या लक्षात राहत नाही. पुढे लेसर केंद्रात अचूक नंबर काढला जातो आणि अचूक घालवला जातो. काम उत्तम झालेलं असतं, सहा बाय सहा दिसत असतं. महिन्याभरात संध्याकाळी डोळा बाहेर जायला लागतो, कधी दोन-दोन दिसतं, आणि कुणाचं काय चुकलं ते कुणालाच कळत नाही.

एक साधं गणितही मदतीला घ्या. भिंगाच्या मध्यापासून जितकं बाजूनं पाहाल तितकं ते भिंग प्रिझमसारखं, म्हणजे प्रकाश एका बाजूला वळवणाऱ्या तिरप्या काचेसारखं, वागतं. मायनस आठच्या भिंगातून मध्यापासून चार मिलिमीटर सरकून पाहिलं तर ३.२ प्रिझम तयार होतात. चष्म्याच्या दुकानात दोन बाहुल्यांमधलं अंतर नीट मोजलं नसेल, किंवा मोठ्या फ्रेममुळं भिंगांचे मध्य एकमेकांपासून लांब गेले असतील, तर असा चष्मा दोन्ही डोळ्यांपुढे मिळून सहा प्रिझमपर्यंत आधार देतो. बाहेर सरकणाऱ्या डोळ्याला हा आधार लाभदायक ठरतो. कुणी तो लिहून दिलेला नसतो, पण डोळा वर्षानुवर्षं त्यावर विसंबलेला असतो. आणि ज्यांच्या चष्म्यात प्रिझम मुद्दाम घातलेला आहे त्यांच्याबद्दल तर शंकाच नको : लेसरनं कॉर्नियावर तसा प्रिझम कोरता येत नाही. म्हणून लेसरचा विचार करणाऱ्या प्रत्येकानं आपला जुना चष्मा, असेल तर त्याआधीचाही, तपासणीला बरोबर नेला पाहिजे. यंत्रावर ठेवून त्यातला नंबर, भिंगाचा मध्य आणि प्रिझम वाचायला पाच मिनिटं पुरतात. लेसरच्या आधी कॉन्टॅक्ट लेन्स काही दिवस बंद ठेवायला सांगतात ते सगळ्यांना ठाऊक असतं. जुना चष्मा घेऊन या, असं मात्र क्वचितच कुणी सांगतं.

आता चाळिशीकडे झुकणाऱ्यांबद्दल. जवळचं दिसेनासं होतं त्या वयात लेसर करायला आलेल्याला कधी कधी सुचवलं जातं की एका डोळ्याला दूरचं ठेवू, दुसऱ्याला थोडा मायनस ठेवून जवळचं वाचता येईल असं करू. अनेकांना हे छान मानवतं. पण ज्याचा डोळा लहानपणापासून तिरळा आहे त्याच्या मेंदूनं एक सोय करून घेतलेली असते. उजव्या डोळ्यानं पाहायचं आणि डाव्या डोळ्याचं चित्र दाबून टाकायचं. त्यामुळं त्याला दोन-दोन दिसत नाही. ही सोय बहुधा एकाच बाजूनं चालते. डावा डोळा पुढे होऊन पाहू लागला तर उजव्याचं चित्र कसं दाबायचं ते त्या मेंदूला कधी शिकावंच लागलेलं नसतं. लेसरनंतर डाव्याला दूरचं अधिक स्पष्ट दिसू लागलं की तो आपोआप पुढे सरसावतो, आणि चाळीस वर्षं एकच चंद्र पाहिलेल्या माणसाला दोन दिसू लागतात. अशा दोन दिसण्यावर औषध नाही. कधी चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स पुन्हा लावून जुना पुढाकार परत द्यावा लागतो, म्हणजे ज्यासाठी शस्त्रक्रिया केली तीच गोष्ट नाकावर परत येते.

हे सगळं मी भीती घालायला सांगत नाही. अमेरिकेतले बर्टन कुशनर आणि ऑस्ट्रेलियातले लायनेल कोवाल या दोन तिरळेपणाच्या तज्ज्ञांनी नंबर घालवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर कायम दोन-दोन दिसू लागलेल्या २८ रुग्णांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. मी आत्ता सांगितलेली बहुतेक कारणं त्यांनी त्यात मांडली आहेत : आधीच्या चष्म्यातला प्रिझम, एक डोळा दूरचा आणि एक जवळचा होणं, जोर आणि वळण यांची बिघडलेली गाठ, दोन डोळ्यांत प्रतिमा लहान-मोठी दिसणं, आणि थोड्या जणांत लेसर देतानाचा तांत्रिक दोष. मला त्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की धोक्यातले बहुतेक रुग्ण आधी साध्या तपासणीनं ओळखता येतात. एक डोळा हातानं किंवा पट्टीनं झाकायचा आणि दुसरा हलतो का ते पाहायचं, मग उलट. यंत्र लागत नाही. हीच तपासणी चष्म्यासह आणि चष्म्याशिवाय, दूर आणि जवळ करायची. शिवाय घरी जाऊन जुने फोटो काढायचे. शाळेचा गटफोटो, मुंजीचा, लग्नाचा. प्रत्येक फोटोत मान एकाच खांद्याकडे कललेली असेल तर एखादा स्नायू जन्मापासून दुबळा असण्याची शक्यता असते आणि मान कलवून तो माणूस दोन चित्रं एक करत आला असतो. आमच्या शास्त्रात कुटुंबाचा अल्बम हा तपासणीचा मान्य भाग आहे.

याहून मोठी परीक्षा म्हणजे कॉन्टॅक्ट लेन्स. लेसरनंतर जो नंबर राहणार आहे तोच लेन्सनं आधी देऊन पाहायचा, आणि नुसत्या तपासणीच्या खोलीत नव्हे, दोन-तीन आठवडे ऑफिसात, लोकलमध्ये, रात्री वाहन चालवताना. डोळा सरळ राहिला, दोन दिसलं नाही, कपाळ ठणकलं नाही, तर पुढे जायला बळ मिळतं. त्रास झाला तर लेन्स काढून टाकली की सगळं पूर्ववत. मायनस सहा नंबरासाठी कॉर्नियावरून उडवलेले ९० मायक्रॉन मात्र परत बसवता येत नाहीत.

एक गट असा आहे ज्याला मी बहुतेक वेळा थांबवते. ज्याचा एक डोळा आळशी आहे, म्हणजे लहानपणी वापरला न गेल्यानं चष्मा देऊनही ज्याची नजर पूर्ण येत नाही, त्याचं सगळं आयुष्य दुसऱ्या डोळ्यावर चाललेलं असतं. लेसर आळशी डोळ्याला जागं करत नाही. तिथली कमतरता कॉर्नियात नसून मेंदूच्या घडणीत आहे. मग लेसर करायचा तो चांगल्या डोळ्यावर, आणि गुंतागुंत कितीही विरळ असली तरी ती नेमकी एकुलत्या एका चांगल्या डोळ्याला झाली तर? या माणसानं चांगल्या प्रतीच्या न फुटणाऱ्या काचांचा चष्मा कायम घालावा, अगदी नंबर नसला तरी घालावा, असं माझं मत आहे. तो चष्मा त्याचं चिलखत आहे.

भरतीबद्दल बोलायलाच हवं, कारण इथं आई-वडील दागिने मोडून पैसे उभे करतात. केंद्रीय पोलीस दलांच्या शिपाई भरतीच्या जाहिराती वाचा. एका डोळ्याची नजर ६/६ आणि दुसऱ्याची ६/९, तीही चष्म्याशिवाय मागतात, आणि त्याच वैद्यकीय अटींमध्ये गुडघे जुळणं, सपाट तळवे, फुगलेल्या शिरा यांच्याबरोबर डोळ्याचा तिरळेपणा नसावा असंही लिहिलेलं असतं. म्हणजे ज्या मुलाचा डोळा सरकतो त्यानं नंबर घालवून पहिली अट ओलांडली तरी दुसरी उभीच आहे. रेल्वेत सहायक लोको पायलट व्हायचं असेल तर लेसर केलेला उमेदवार अपात्र ठरतो, हे रेल्वे भरती मंडळाच्या सूचनेत स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणजे नोकरीसाठी केलेल्या शस्त्रक्रियेनंच ती नोकरी जाते. पैसे भरण्याआधी आपल्या पदाची वैद्यकीय अट मूळ जाहिरातीत वाचायची, क्लासवाल्याच्या किंवा लेसर केंद्राच्या समुपदेशकाच्या तोंडून ऐकायची नाही.

आता मला जे सर्वांत कळकळीनं सांगायचं आहे ते सांगते. लेसर विचारायला आलेल्या तिरळ्या डोळ्याच्या माणसाशी थोडा वेळ बोललं की पुष्कळदा लक्षात येतं, त्याचा खरा त्रास नंबराचा नाहीच. त्याला समोरच्याशी डोळ्याला डोळा देऊन बोलायचं आहे. मुलाखतीत समोरचा माणूस मागं वळून पाहतो, ‘हा कुणाकडे बघतोय?’ म्हणून. शाळेत चकण्या म्हणून हाक मारलेली असते. मुलगी असेल तर स्थळं फोटोपर्यंत येतात आणि भेटीनंतर निरोप येत नाही. सिनेमांनी आणि नाटकांनी तिरळ्या डोळ्यावर किती हशा वसूल केला ते आठवून पाहा. स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासात मुलांना सरळ आणि तिरळ्या डोळ्यांच्या मुलांची छायाचित्रं दाखवून वाढदिवसाला कुणाला बोलवाल असं विचारलं. सहा वर्षांपासून पुढची मुलं तिरळ्या डोळ्याच्या मुलांना कमी बोलावत होती. सहाव्या वर्षी हे सुरू होतं. आणि आपल्याकडे थोडा तिरळा डोळा भाग्याचा म्हणून त्याच वयात इलाज लांबणीवर टाकला जातो.

मोठेपणी तिरळेपणावर इलाज होत नाही, हा समज इतका घट्ट बसला आहे की सुशिक्षित घरांतूनही तो मला रोज ऐकू येतो. तो समज चुकीचा आहे. विशीत, चाळिशीत, साठीतही स्नायूंची शस्त्रक्रिया करता येते. एक स्नायू मागे नेऊन सैल करायचा, समोरचा आखडून ताणायचा; काही रुग्णांत टाक्याची गाठ अशी ठेवतात की रुग्ण जागा झाल्यावर डोळ्याची जागा पाहून ती थोडी पुढे-मागे करता येते. आळशी डोळ्याची नजर यानं वाढत नाही, हे खरं. पण डोळा सरळ होतो, आत गेलेल्या डोळ्याचा बाजूचा दिसण्याचा पट्टा रुंदावतो, आणि काहींना दोन्ही डोळ्यांनी एकत्र पाहण्याचा लाभही मिळतो. याला ‘कॉस्मेटिक’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी माझं जमत नाही. नैसर्गिक जागेवरून ढळलेला अवयव त्याच्या जागी आणणं हा उपचार आहे. घणसोलीच्या त्या मुलीसारख्या, चष्मा लावून सरळ राहणाऱ्या डोळ्यांसाठी ही शस्त्रक्रिया नाही. पण चष्मा लावूनही ज्यांचा डोळा सरळ राहत नाही अशा कितीतरी जणांना लेसरची गरजच नसते. त्यांनी चष्मा ठेवावा आणि डोळा सरळ करून घ्यावा.

दोन्ही करायचं असेल तर आधी काय? नंबर बदलला की तिरळेपणाचा कोन बदलू शकतो, म्हणून बहुतेकदा आधी नंबराचा निकाल लावून, डोळा काही महिने स्थिर होऊ देऊन, मग उरलेल्या कोनाची शस्त्रक्रिया करणं शहाणपणाचं. उलटा क्रमही काही रुग्णांत योग्य असतो. ठरवायला लेसरचा डॉक्टर आणि तिरळेपणाचा डॉक्टर यांनी एकमेकांशी बोललं पाहिजे, आणि ते बोलणं रुग्णाच्या तोंडी निरोपातून होता कामा नये.

माझी विनंती माझ्या व्यवसायबंधूंना आहे तशी तुम्हालाही आहे. लेसरच्या प्रत्येक संमतिपत्रात कॉर्नियाच्या जाडीच्या ओळीखाली आणखी एक ओळ असावी : चष्म्यासह आणि चष्म्याशिवाय, दूर आणि जवळ, डोळा किती प्रिझम सरकतो. शाळांतल्या आरोग्य तपासणीतही हे यायला हवं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्या शेजारच्या पालघरहून झाली. त्या पथकांना आणि शिक्षकांना डोळा झाकून पाहण्याची तपासणी एका दुपारी शिकवता येते. तोवर, तुमच्यापैकी कुणी या आठवड्यात तपासणीला जाणार असेल तर जुना चष्मा, थेंब घालून काढलेला नंबर आणि तिरळेपणाचा तो आकडा, तिन्ही फाईलमध्ये लावून मगच तारीख घ्या. आता प्रश्न घेऊ या.